घरच्या कुत्र्याची मालिश: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

डिसेंबरच्या अंकात म्हाताऱ्या कुत्र्यांच्या थंडीतल्या काळजीबद्दल लिहिताना ‘रोज थोडा वेळ हलक्या हाताने मालिश करावी’ असं एक वाक्य आलं होतं. त्यावर आलेली पत्रं पाहता ते वाक्य फारच तोकडं होतं. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: आमची लॅब्रॅडॉर राणी साडेदहा वर्षांची आहे, वजन ३४ किलो. सकाळी उठताना मागचे पाय आखडतात, दहा-बारा पावलं टाकली की सुटतात. डॉक्टरांनी एक्स-रे काढून खुब्याच्या सांध्यांची झीज सांगितली, औषध चालू आहे. मालिशीला त्यांची हरकत नाही, पण नेमकी कुठे आणि किती जोरात करायची? खुबाच दाबायचा ना?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर: खुबा दाबायचा नाही. झिजलेला सांधा वरून दाबून सुधारत नाही, उलट ठणकतो. आपलं काम सांध्याभोवतीच्या स्नायूंशी आहे, आणि राणीच्या बाबतीत ते काम पुढच्या पायांकडून सुरू होतं. निरोगी कुत्रा उभा असतानासुद्धा त्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागे दुखायला लागलं की तो आणखी भार पुढे ढकलतो. त्यामुळे मान, खांदे आणि पुढच्या पायांचा वरचा भाग दिवसभर जास्तीचं ओझं वाहतो. तिथे हात लावून पाहा, मांडीपेक्षा खांदाच जास्त कडक लागण्याची शक्यता आहे.

वेळ निवडताना जेवणानंतर निदान दीड-दोन तास जाऊ द्या. फिरून आल्यावर करणार असाल तर धाप पूर्ण थांबू द्या. गुळगुळीत फरशीवर नको. खाली योगा मॅट, त्यावर दुमडलेली गोधडी, म्हणजे उठताना पाय घसरत नाही. स्वतःच्या अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, तिचा पट्टाही काढा. हात गार असतील तर एकमेकांवर चोळून घ्या. ती ज्या कुशीवर आडवी होईल तीच कूस आजची. दुसऱ्या बाजूसाठी तिला उलटवू नका, ती आपणहून वळली तर ठीक, नाहीतर उद्या. तिच्या पाठीशी बसा, पण हात तिला दिसेल असा. वरून वाकून बसलेला माणूस कुत्र्याला नकोसा वाटतो.

थंडीत आधी शेक द्या. रबरी पिशवीत कोमट पाणी, त्यावर टॉवेलचे दोन वेढे. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला अर्धा मिनिट धरून पाहा. तिथे सुखद वाटली तरच मांडीवर ८ ते १० मिनिटं ठेवा. विजेवर तापणारी गादी लावून निघून जाऊ नका. म्हाताऱ्या कुत्र्याला भाजत असलं तरी पटकन उठता येत नाही.

पहिली २ मिनिटं फक्त सपाट तळहात. डोक्याच्या मागून शेपटीच्या मुळापर्यंत, केसांच्या दिशेने, कण्याच्या एका बाजूने. एक फेरा ४-५ सेकंदांचा, इतका सावकाश. जोर किती? स्वतःच्या मिटलेल्या पापणीवर बोट ठेवा. डोळ्याला न खुपता जेवढं दाबता येतं, तेवढाच. पहिले दोन-तीन दिवस एवढंच करा, तिला ही वेळ आणि ही गोधडी ओळखीची होऊ द्या.

मग मान आणि खांदा. कानाच्या मागून मानेवर उतरत या. तीन बोटं टेकवून रुपयाच्या नाण्याएवढी गोल वर्तुळं करा. बोटं केसांवरून घासायची नाहीत, बोटांखालची कातडी स्नायूवर सरकली पाहिजे. एका जागी तीन-चार वर्तुळं, मग बोटभर पुढे. खांद्याच्या रुंद हाडाच्या मधोमध एक उंचवटा हाताला लागेल. त्याच्यावर जोर नको, मांस त्याच्या पुढे आणि मागे आहे. पाठीवर कण्यापासून दोन बोटं अंतर सोडा. मणक्यांवर दाब कधीच द्यायचा नाही.

मांडीचा पुढचा आणि मागचा जाड स्नायू मुठीत अलगद घ्यायचा, म्हणजे अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या. किंचित उचलायचा, दोन सेकंद धरायचा, सोडायचा. पुरणपोळीची सैल कणीक हाताळतो तसा हात हवा, साधी कणीक तिंबतो तसा नको. यानंतर पंजाकडून मांडीकडे तळहाताने चार-पाच लांब फेरे. पायावर दिशा खालून वर, कारण रक्त आणि लसिका परत हृदयाकडे जातात ती वाट तीच आहे. शेवटी पुन्हा पाठीवरचे सावकाश फेरे, मिनिटभर. एका कुशीचं हे सगळं १०-१२ मिनिटांत होतं, आणि रोज केलं तरी चालतं. पाय ओढून ताणणं, सांधा गोल फिरवणं हे मात्र डॉक्टरांनी स्वतः दाखवल्याशिवाय करू नका.

चुकतं कुठे? बहुतेक वेळा अंगठ्याने खोल दाबलं जातं, किंवा कुत्रा शांत पडलाय म्हणून अर्धा तास चालू राहतं. मग दुसऱ्या दिवशी स्नायू दुखतात आणि गोधडी अंथरली की ती उठून जाते. तसं झालं तर एक दिवस सोडा, मग वेळ आणि जोर दोन्ही निम्मे करा.

उपयोग होतोय का, हे कळायला तुम्ही मोजलेली पावलंच उत्तम. पाय सुटायला रोज सकाळी किती पावलं लागली, ते कॅलेंडरवर लिहा. दोन आठवड्यांत आकडा खाली येत नसेल किंवा वर जात असेल, तर कॅलेंडरच डॉक्टरांना दाखवा. बरं वाटतंय म्हणून औषध मनाने कमी करू नका. आणि पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंतच्या फरशीवर पायपुसणी किंवा सतरंजी टाका. दिवसातून वीसदा पाय घसरत असेल तर दहा मिनिटांच्या मालिशीने ते भरून निघणार नाही.

प्रश्न: सासूबाईंचं म्हणणं, बाळाला तेल लावतो तसं कुत्र्यालाही लावावं, कातडी चांगली राहते. खोबरेल चालेल का? त्यांच्या गुडघ्याचं आयुर्वेदिक तेल किंवा दुखण्यावरचं जेल कुत्र्याच्या पायाला लावलं तर?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: सासूबाईंची माया समजते, पण बाळाच्या अंगावर केस नसतात आणि बाळ अंग चाटत नाही. कुत्र्याचे केस स्वतःच इतके गुळगुळीत असतात की हात सरकायला तेल लागत नाही. लावलेलं तेल केसांत धूळ धरतं, पावसाळ्यात कातडीला हवा लागू देत नाही, आणि उरलेलं चाटून पोटात जातं. मग जुलाब. काही कुत्र्यांना एकदम जास्त स्निग्ध पोटात गेल्याने स्वादुपिंडाला सूजही येते. तेलकट पंजे फरशीवर घसरतात, ते वेगळंच. पंजाची गादी भेगाळली असेल तर खोबरेलाचे दोन थेंब चोळून पाच-दहा मिनिटं चाटू न देणं, इतपत ठीक.

गुडघ्याचं तेल, बाम आणि जेल मात्र अजिबात नको. बऱ्याच बामांत आणि तेलांत कापूर, निलगिरी, पुदिन्याचा अर्क, विंटरग्रीन असतं. हे कुत्र्याच्या पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. टी ट्री तेलही त्यातलंच. दुखण्यावरच्या पुष्कळ जेलमध्ये डायक्लोफेनॅक असतं. त्याने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जनावरांसाठीच्या याच औषधामुळे आपल्याकडची गिधाडं मेली आणि २००६ मध्ये त्या वापरावर भारतात बंदी आली. माणसांसाठीचं जेल अजून प्रत्येक घरात आहे. म्हणून एक गोष्ट सासूबाईंना आवर्जून सांगा. स्वतःच्या गुडघ्याला जेल लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कुत्र्याला कुरवाळायचं नाही आणि त्याला गुडघा चाटू द्यायचा नाही. त्याने चाटलंच, तर उलटी व्हायची वाट न पाहता जेलची ट्यूब बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

प्रश्न: रस्त्यावरून आणलेला गावठी कुत्रा आहे, अंदाजे दोन वर्षांचा. डोकं, छाती खाजवू देतो, पण कमरेकडे हात गेला की गुरगुरतो. सवय लावण्यासाठी जबरदस्तीने धरून करावी का?
— एक वाचक, वारजे

उत्तर: धरू नका, आणि गुरगुरण्यावर ओरडूही नका. गुरगुरणं म्हणजे तो तुम्हाला आधी सांगतोय. ओरडून ते बंद केलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

आधी दुखणं आहे का ते तपासून घ्या. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांमध्ये गाडीचा धक्का लागून कमरेचं किंवा खुब्याचं हाड मोडलेलं आणि वेडंवाकडं जुळलेलं असणं नवीन नाही. चालताना कळतही नाही, हात लागला की दुखतं. डॉक्टरांनी दुखणं नाही म्हटलं, तर जिथे तो हात लावू देतो तिथूनच सुरुवात करा. छातीवर तीन सावकाश फेरे, मग हात पूर्ण उचला आणि मनात पाचपर्यंत मोजा. तो जवळ सरकला, नाकाने हात ढोसला, अंग टेकवलं, तर पुढचे तीन. नुसता बसून राहिला किंवा तोंड फिरवलं, तर आजचं संपलं.

गुरगुरण्याच्या कितीतरी आधी तो नाही म्हणत असतो. भूक नसताना जिभल्या चाटणं, झोप नसताना जांभई देणं, डोकं वळवून डोळ्याच्या कडेने पाहणं, एकदम थबकणं, अंग चोरणं. हात चाटणं म्हणजे नेहमीच लाड नव्हे. पुष्कळदा ‘पुरे कर’ असा त्याचा अर्थ असतो. खूश असलेल्या कुत्र्याचे डोळे अर्धवट मिटतात, कान सैल पडतात, मागचा पाय एका बाजूला टाकून तो पसरतो. छातीकडून बरगड्या, बरगड्यांकडून पाठ, असं दर तीन-चार दिवसांनी चार बोटं मागे सरका. कमरेपर्यंत पोचायला दोन महिने लागले तरी लागू द्या.

प्रश्न: रोज सकाळी वेताळ टेकडीवर जातो. घरी आल्यावर कुत्र्याचे पंजे चोळून द्यावेत का?
— एक वाचक, पाषाण

उत्तर: जरूर, आणि ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत तर चुकवूच नका. पाऊस सरला की आपल्या टेकड्यांवरचं गवत वाळतं आणि कुसळं गळायला लागतात. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावरचे बारीक काटे एकाच दिशेला वळलेले असतात. म्हणून ते पुढे सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यातून आत गेलं की प्रत्येक पावलागणिक खोल जातं. ते आत विरघळतही नाही.

पंजा एका हातात खालून आधार देऊन धरा. दुसऱ्या हाताचा अंगठा मोठ्या गादीवर टेकवून हलकी गोल मालिश करा, मग एकेक बोट बाजूला करून बेचक्यात पाहा. वरून पाहाल तशी गादीच्या बाजूनेही. नुसतं केसांत अडकलेलं कुसळ बोटांनी काढा. कातडीत शिरलेलं पण शेपूट बाहेर दिसणारं चिमट्याने, शिरलं त्याच रेषेत सरळ ओढा. पण बेचक्यात वाटाण्याएवढा लाल, ओलसर फोड दिसला आणि कुत्रा तीच जागा सारखी चाटत असेल, तर कुसळ आत गेलंय असं धरा. दाबून काढायला जाऊ नका, डॉक्टरांकडे न्या. टेकडीवरून आल्याबरोबर मान एका बाजूला कलती करून जोरजोरात कान झाडायला लागला, तर कुसळ कानात आहे. त्यात कापसाची काडी घालू नका.

पावसाळ्यात पंजे धुतल्यावर बेचकी टॉवेलने कोरडी करणं हीच मालिश. ओल राहिली की तिथे बुरशी येते, आंबूस वास येतो, केस चाटून चाटून तांबूस होतात.

प्रश्न: हात फिरवताना छातीच्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ लागली. चोळून जिरेल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर: गाठ चोळायची नाही. मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये कातडीखाली सरकणारी मऊ गाठ बऱ्याचदा नुसत्या चरबीची असते. पण हाताला तशीच लागणारी वाईट गाठही असू शकते, आणि फरक सुईने पेशी काढून तपासल्यावरच कळतो. तारीख, जागा आणि आकार लिहून ठेवा. शेजारी नाणं धरून फोटो काढा आणि या आठवड्यात दाखवून या. कुठलीही गाठ महिन्याभरात वाढली, लाल झाली, फुटली, तर एक दिवसही थांबू नका.

हाताला लागलेली प्रत्येक गोष्ट मात्र गाठ नसते. पोटावरचे बारीक उंचवटे दोन रांगांत असतील तर ती स्तनाग्रं, नर कुत्र्यालाही असतात. मागच्या गुडघ्याच्या मागे वालाच्या दाण्याएवढी गोळी लागते, ती लसिकाग्रंथी. तशाच जबड्याखाली आणि खांद्याच्या पुढे असतात. दोन्हीकडच्या एकदम फुगल्या तर डॉक्टरांना सांगा. आणि कानामागे, काखेत, जांघेत किंवा पट्ट्याखाली राखाडी, टणक, चकचकीत दाणा लागला तर केस बाजूला करून पाहा. बुडाशी पाय दिसले तर ती रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड. बारीक चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढा, साबणाच्या पाण्यात टाका, हात धुवा. रॉकेल, उदबत्ती, बोटाने चिरडणं, यातलं काही नको. गोचिडी झालेल्या कुत्र्याला ताप असेल, हिरड्या पांढुरक्या झाल्या असतील, पोटावर जांभळे ठिपके किंवा नाकातून रक्त दिसलं, तर मालिश पूर्ण बंद. गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, आणि साध्या दाबानेही आत रक्त साकळू शकतं.

प्रश्न: आमचा डॅशहुंड सोफ्यावरून उडी मारल्यापासून पाठ कमानीसारखी धरून चालतो, उचलला की केकाटतो. पाठ चोळून मोकळी होईल का?
— एक वाचक, औंध

उत्तर: हात लावू नका. या जातीत मणक्यांमधली चकती सरकणं फार आढळतं, आणि चोळण्याने ती आणखी सरकू शकते. त्याला लहान जागेत, हालचाल होणार नाही असं ठेवा. आजच दाखवा, नेताना ट्रेवर किंवा फळीवर आडवं ठेवून, पाठ सरळ राहील असं उचला. मागचे पाय लटपटायला लागले, पंजा उलटा टेकू लागला किंवा लघवी आपोआप गळायला लागली, तर रात्र असली तरी थांबू नका. तिथे तासांचा हिशेब असतो.

प्रश्न: लक्ष्मी रस्त्यापासून दोन गल्ल्या आत राहतो. विसर्जनाला ढोल सुरू झाले की आमचा बीगल पलंगाखाली शिरून थरथरतो. मालिशीने शांत होईल?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर: त्या दिवशी एकदम सुरू केली तर नाही. निदान महिनाभर आधीपासून रोज ठरलेल्या वेळी, एकाच चटईवर, ५ मिनिटं पाठीवरचे सावकाश फेरे आणि कानाच्या मुळापासून टोकापर्यंत अंगठा-बोटाने हलकं ओढणं. चटई म्हणजे निवांतपणा, ही गाठ मनात पक्की झाली की तीच चटई विसर्जनाच्या दिवशी घरातल्या सगळ्यात आतल्या खोलीत अंथरा. खिडक्या बंद, पंखा चालू, पाण्याचं भांडं शेजारी. त्याला सकाळी लवकर, रस्ता शांत असताना फिरवून आणा, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला ठेवा. घाबरलेला कुत्रा दार उघडं दिसलं की पळतो.

तो पलंगाखालीच गेला तर ओढून काढू नका. शेजारी जमिनीवर बसा. अंग टेकवायला आला तरच हात ठेवा, आणि फेरे संथ ठेवा. भराभरा चोळण्याने तो आणखी बिथरतो. घाबरलेल्याला जवळ घेतलं की त्याची भीती वाढते, हा समज चुकीचा आहे. तुमचा आधार त्याला हवाच असतो. दरवर्षी एवढं थरथरत असेल तर औषधाबद्दल आत्ताच विचारा. काही गोळ्या आवाज सुरू व्हायच्या आधी द्याव्या लागतात आणि एखाद्या शांत दिवशी देऊन पाहाव्या लागतात. पुण्याची मिरवणूक २४ तासांच्या पुढे चालते, तेव्हा दुसरा डोस किती वेळाने, तेही विचारून ठेवा. दिवाळीतही हेच लागेल.

प्रश्न: दोन महिन्यांचं पिल्लू आणलं आहे. मालिश आत्तापासून करावी का? नऊ वर्षांच्या मुलीला करू द्यावी?
— एक वाचक, बाणेर

उत्तर: हो, पण २-३ मिनिटंच, पेंगुळलेलं असताना. या वयात अंगाला हात लावण्याची सवय चटकन लागते. पाठीवर दोन-चार फेरे, मग कान, ओठ, प्रत्येक पंजा. बोट किंचित दाबून नख बाहेर येऊ द्या आणि सोडा. आठवडाभराने एक नख टोकाशी कापा, दिवसाला एकच. पोट दाबू नका.

मुलीला फक्त सपाट तळहाताचे पाठीवरचे फेरे करू द्या, तुम्ही शेजारी बसलेले असताना. झोपलेल्या किंवा खात असलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, आणि ते मध्येच उठून निघालं तर जाऊ द्यायचं, मागे जायचं नाही, एवढं तिला पहिल्याच दिवशी सांगा.